लहान वस्तीत एचआयव्हीची निनावी चाचणी खरंच निनावी राहते का?

तुम्ही कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागातल्या एका फर्स्ट नेशन (तिथल्या मूळनिवासींच्या) वस्तीवर नर्स म्हणून रुजू होताय आणि विचारताय की, सगळेच एकमेकांना ओळखतात तिथे निनावी चाचणीला अर्थ काय. मी तिकडे काही वर्षं काढलीत.

कागदावर ती निनावीच असते. ऑन्टॅरिओत १९९२ पासून ठरावीक केंद्रांवर नाव न सांगता एचआयव्ही तपासता येतो. नमुन्यावर फक्त कोड असतो. पण अडचण नमुन्याची नसून दाराची आहे. नोंदणीला बसलेली बाई पेशंटची मावसबहीण असते, बाहेर उभी गाडी कुणाची हे गावाला पाठ असतं. एका मुलीने मला सरळ विचारलं, "नाव लिहिणार नाही म्हणता, पण मला इथे येताना ज्यांनी पाहिलं त्यांचं काय?" मी गप्प बसले.

त्यातून मी शिकले ते हे: चाचणी वेगळ्या खोलीत, वेगळ्या वारी ठेवू नका. साखर, रक्तदाब तपासायला येईल त्या प्रत्येकालाच एचआयव्हीची चाचणी करायची का, असं विचारा. बोटातून काढलेले थेंब कागदावर वाळवून लॅबला पाठवायची पद्धत दूरच्या वस्त्यांना फार सोयीची. शीर शोधायला नको, आणि शिकवलं तर वस्तीतलाच माणूस नमुना घेतो. त्याच कागदावरून हेपटायटिस सी आणि सिफिलिसही कळतो. घरच्या घरी करायच्या एचआयव्ही टेस्टला कॅनडात नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मात्र ताजा संसर्ग तिच्यात सुटू शकतो, म्हणून जोखमीच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगा. पॉझिटिव्ह आली तर लॅबमध्ये खात्री करावी लागते, आणि उपचार सुरू करताना नाव द्यावंच लागतं. हे आधीच सांगा, लपवलंत तर विश्वास गेलाच म्हणून समजा.

हा विश्वास मुळातच कमी आहे, आणि उगाच नाही. १९४० च्या दशकात मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी निवासी शाळांमध्ये उपाशी मुलांवर आहाराचे प्रयोग झाले, पालकांना न विचारता. त्या मुलांची नातवंडं आज तुमच्यासमोर बसणार आहेत.

प्रतिबंधाचं बोलताना फक्त कंडोमवर थांबू नका. संसर्ग टाळणाऱ्या प्रेप गोळ्यांचा खर्च नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट (उत्तर ध्रुवाकडच्या मूळनिवासी) लोकांसाठी संघीय योजना उचलते. कित्येकांना हे माहीतच नसतं. सुईने नशा करणाऱ्यांसाठी स्वच्छ सुयाही हव्यात.

आणि कामाला हात घालण्याआधी वस्तीच्या आरोग्य समितीला एकच विचारा: निकालांचे आकडे कुणाकडे राहणार? तिथले लोक म्हणतात, आमची माहिती आमच्या ताब्यात. उत्तर मिळेपर्यंत किटचं खोकं उघडू नका.