माणूस-चिंपांझीच्या स्टेम सेल्सवर रिसर्च करायचाय पण मॅथ्स नको, जमेल का?

(पत्र थोडक्यात: बी.एस्सी. बायोलॉजी, दुसरं वर्ष. माणसाच्या आणि चिंपांझीच्या स्टेम सेल्स एकत्र जोडून दोघांच्या जीन्समधला फरक शोधतात असं वाचलं, तेव्हापासून तेच करायचंय. मॅथ्सची भीती वाटते म्हणून बायो घेतलं. यात चिंपांझींना त्रास होतो का? आणि बाबा म्हणतात हे शिकून नोकरी कोण देणार.)

मॅथ्स नको म्हणून बायो घेतलं, हे वाक्य आधी धरते, कारण बाकीचं सगळं त्यावरच अडलंय. तू आवडता विषय असा निवडलायस की त्यात निम्मं काम आकड्यांचंच आहे. घाबरवत नाहीये, पण हे पीएचडीच्या मध्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

असं बघ, चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 2005 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि माणसाशी जुळवून बघितला तेव्हा डीएनएच्या एकेका अक्षराचे साधारण साडेतीन कोटी फरक निघाले, म्हणजे जुळणाऱ्या डीएनएच्या जेमतेम सव्वा टक्का. त्यातल्या बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. मग मोठा मेंदू, चेहऱ्याची वेगळी ठेवण हे सगळं घडवणारे फरक नेमके कुठले? 1975 मध्येच किंग आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की दोघांची प्रोटीन्स इतकी सारखी आहेत की खरा फरक जीन्स कुठे, कधी आणि किती चालू होतात यात असणार. आता ते बघायचं तर वाढत्या गर्भातल्या पेशी हव्यात, आणि चिंपांझीचे गर्भ मिळत नाहीत, मागूही नयेत.

इथे स्टेम सेल्स येतात, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा पेशी. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींत चार जीन्स घालून त्यांना पुन्हा गर्भाच्या सुरुवातीसारख्या अवस्थेत नेलं, याच आयपीएस सेल्स. शिकागो युनिव्हर्सिटीतल्या योआव गिलाद यांच्या लॅबने 2015 मध्ये सात चिंपांझींच्या त्वचेच्या पेशींपासून अशा लाइन्स (डिशमध्ये वाढवत ठेवता येणाऱ्या पेशींचे संच) तयार केल्या. त्रासाबद्दलचं उत्तर यातच आहे, एकदा त्वचेचा किंवा रक्ताचा छोटासा नमुना मिळाला की पुढे पेशी डिशमध्ये वाढत राहतात, फ्रीझ करून ठेवता येतात, प्राण्याला परत हात लावावा लागत नाही.

आणि तू वाचलेलं ते जोडकाम म्हणजे स्टॅनफर्डच्या हंटर फ्रेझर यांच्या लॅबचं असणार, 2021 चं. दोघांच्या आयपीएस सेल्स फ्यूज केल्या, त्यामुळे माणसाचे 46 आणि चिंपांझीचे 48 असे 94 क्रोमोसोम्स एकाच पेशीत. यातून कुठलाही जीव जन्माला येत नाही, घरच्यांना हे आधी सांग नाहीतर भलतंच काहीतरी डोक्यात येईल त्यांच्या. मला स्वतःला ही आयडिया फार आवडते कारण पेशी एकच, वातावरण एकच, डिश एकच, तरी एखाद्या जीनची माणसाची कॉपी जास्त चालतेय आणि चिंपांझीची कमी, तर कारण त्या जीनच्या जवळच्या डीएनएतच असलं पाहिजे, दुसऱ्या कशाला दोष देताच येत नाही. वेगवेगळ्या प्राण्यांचे टिश्यू घेऊन तुलना केलीस तर वय, खाणं, आजार सगळं मध्ये येतं.

आता मॅथ्स. वीस हजारांच्या आसपास जीन्स तपासायचे, प्रत्येकाला विचारायचं की फरक आहे की नाही, आणि पाच टक्के चूक चालेल असं धरलं तर काहीही फरक नसतानासुद्धा हजार जीन्स ‘वेगळे’ दिसतील. ते हजार कसे वगळायचे? तेच स्टॅटिस्टिक्स. किंवा माणसाच्या पेशी सोमवारी वाढवल्या आणि चिंपांझीच्या गुरुवारी, तर दिसलेला फरक प्रजातीचा की वाराचा? एकाच चिंपांझीच्या दहा डिश म्हणजे दहा चिंपांझी होत नाहीत, हे तर नवीन पोरं हमखास विसरतात. यात कॅल्क्युलसची जादू काही नाही, प्रॉबॅबिलिटी आणि थोडं आर किंवा पायथनमधलं प्रोग्रॅमिंग, आणि तुझ्यासारख्या मुलींना भीती बहुतेकदा परीक्षेतल्या मॅथ्सची असते, प्रश्न आपला असला की तेच गणित सुटायला लागतं.

मग उरलेलं निम्मं काम कसं असतं तेही ऐक. आयपीएस सेल्सचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव, बहुतेक लॅबमध्ये रोज बदलतात, रविवार असो नाहीतर सण. दुर्लक्ष झालं की त्या आपोआप दुसऱ्याच काहीतरी पेशी बनायला लागतात. मेंदूचे ऑर्गनॉइड (डिशमध्ये वाढवलेले मेंदूसारखे छोटे गोळे) करायचे म्हटलं तर काही महिने जातात आणि शेवटी कंटॅमिनेशन झालं, म्हणजे जंतू शिरले, की सगळं टाकून पहिल्यापासून. हे ज्याला जमतं त्याला फार आवडतं, बाकीच्यांना अजिबात नाही, मधलं कोणी मी पाहिलं नाही.

म्हणून चिंपांझीच पाहिजे असा हट्ट आत्ता धरू नकोस. अशा लाइन्सवर काम करणाऱ्या लॅब्स जगात मोजक्याच. एम.एस्सी.ला कुठलीही चांगली स्टेम सेल लॅब घे, नाहीतर जीनोमिक्सची घे, प्राणी उंदीर असला तरी चालेल, हात तिथेच बसतो. चिंपांझी पीएचडीला किंवा पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या रिसर्चला) येऊ दे. तोपर्यंत एनसीबीआय या अमेरिकन सरकारी संस्थेच्या जीईओ नावाच्या जीन-डेटाबेसवर माणूस-चिंपांझीच्या तुलनेचा डेटा फुकट पडलाय, लॅपटॉपवर एखादा सेट उतरवून त्यातला एक ग्राफ पुन्हा काढून बघ. दोन सुट्ट्या यात घालवून कंटाळा आला नाही तर मॅथ्सचा प्रश्न संपला.

बाबांना खरं ते सांग. फक्त माणूस वेगळा कसा झाला याच प्रश्नावर पर्मनंट प्रोफेसरशिप मिळणं अवघड आहे, रस्ता लांबचा आहे, पीएचडीची चार ते सहा वर्षं आणि वर पोस्टडॉक. पण आयपीएस कल्चर (या पेशी वाढवणं), क्रिस्पर (जीन्स बदलण्याचं तंत्र) आणि आरएनए सीक्वेन्सिंगचं (कुठले जीन्स किती चालू आहेत ते मोजण्याचं) अ‍ॅनालिसिस येणारा माणूस औषध कंपन्यांना लागतो, जेनेटिक टेस्टिंगवाल्यांना लागतो, आजारांची मॉडेल्स बनवणाऱ्या लॅब्सना लागतो. त्या वेळी पेशी चिंपांझीच्या होत्या की कोणाच्या हे कोणी विचारत नाही.

आणि इंटर्नशिपसाठी मेल करशील तेव्हा ‘मला लहानपणापासून चिंपांझींची आवड आहे’ असं लिहू नकोस, तसे मेल ढिगाने येतात. त्यांचा एक पेपर वाच, त्यातली जी फिगर कळली नाही तिच्याबद्दल दोन ओळींत नेमकं विचार, आणि आठवडाभर उत्तर नाही आलं तर लाजू नकोस, परत एकदा पाठव.