वाचकांचे प्रश्न: प्लँटेशन बघायला जावं का?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत चाललोय. जावई म्हणतात लुइझियानात मिसिसिपीकाठची जुनी प्लँटेशन, म्हणजे मोठ्या शेतीच्या इस्टेटी दाखवतो, मोठाले ओक, पांढरा वाडा, फोटो भारी येतात. पण तिथे तर गुलाम राबायचे ना? मनाला पटत नाहीये. जावं का?

उत्तर: जा, नक्की जा, पण कुठलं बघायचं ते आधी ठरवा. काही ठिकाणी अजूनही टूर म्हणजे मालकाची झुंबरं, मालकाचं डायनिंग टेबल आणि गुलामांबद्दल जाता जाता दोन वाक्यं. मी म्हणेन व्हिटनीला जा, न्यू ऑर्लिन्सहून गाडीने साधारण तासभर लागतो. 2014 ला म्युझियम म्हणून सुरू झालं आणि तिथे सगळं राबणाऱ्यांच्या बाजूने सांगतात. ऊस होता तिथे, म्हणजे गळिताच्या हंगामात रात्रपाळ्या, उकळत्या रसाच्या कढया, झोप नाही, त्यात अपघात व्हायचेच.

आणि तिथली नावं वाचा हो, भरभर पुढे जाऊ नका. कारण 1850 आणि 1860 च्या जनगणनेत या माणसांची नावं बहुतेक लिहिलीच नाहीत, वर मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग, बास. त्यामुळे आज त्यांची पणतवंडं घराण्याचा शोध घेत मागे गेली की गुलामी संपल्यानंतरच्या पहिल्या, 1870 च्या जनगणनेपाशी येऊन अडकतात, त्याआधीचं नाव मिळालं तर कुठे, विक्रीच्या कागदात नाहीतर मालक वारल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत, माणसापुढे किंमत लिहिलेली! व्हिटनीत 2200 लहान मुलांची नावं आहेत, तीन वर्षांची व्हायच्या आत गेलेली. पोटात कालवतं.

फोटोचं म्हणाल तर गुलामांच्या खोल्यांचे काढा, माहितीचे बोर्ड काढा, पण त्या खोल्यांसमोर हसत सेल्फी नको, जावईबापूंनाही सांगा. गाइडला बिनधास्त विचारा, हा वाडा बांधला कुणी, स्वयंपाक कोण करायचं, त्यांची नावं सापडलीत का, पुरलं कुठे. चांगला गाइड अशा प्रश्नांची वाटच बघत असतो.

पुढे व्हर्जिनियात जाणार असाल तर माउंट व्हर्ननला, म्हणजे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या इस्टेटीवर, त्यांच्या कबरीपाशी गर्दी असते, 1799 मध्ये त्या इस्टेटीवर 317 गुलाम होते. कबरीपासून थोडंच पुढे गुलामांची दफनभूमी आहे, हॉवर्ड युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी डिझाइन केलेलं 1983 चं स्मारक पण तिथेच आहे. तेवढं चालून जा.