ओरॅकलच्या सर्व्हरची रॅम बदलली, लॉग (घडामोडींची नोंदवही) क्लिअर केला, तरी बिघाडाचा नारिंगी दिवा जात नाही. फॉल्टची नोंद कशी पुसायची?

लॉग क्लिअर करण्याआधी सेव्ह केला होता का? तुमचा प्रश्न वाचल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं.

नवी मुंबईत नाइट शिफ्टला होतो. एका डिमवर (रॅमच्या पट्टीवर) करेक्टेबल, म्हणजे मशीन स्वतःच दुरुस्त करतं अशा, एरर वाढत होत्या. मी टीम लीडना म्हटलं, "सर, ही डिम शेजारच्या स्लॉटमध्ये लावून बघू. एरर डिमच्या मागे गेली तर डिम खराब, स्लॉटवरच राहिली तर दुखणं दुसरीकडे आहे." ते म्हणाले, "क्लायंटला दिवा हिरवा दिसला पाहिजे. डिम बदल आणि लॉग उडव." उडवला. एकोणीस दिवसांनी पहाटे तोच स्लॉट, या वेळी अनकरेक्टेबल, म्हणजे दुरुस्त न होणारी एरर, आणि डेटाबेस चालू असताना मशीन रीबूट. व्हेंडरच्या इंजिनिअरने जुना लॉग मागितला. द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यानेही डिमच बदलली. तिसऱ्या खेपेला प्रोसेसर काढला. मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर सॉकेटमधल्या हजारावर पिनांत एक बाजूला झुकलेली दिसली. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे तिथे संपर्क तुटत असेल तर डिम बदलत बसून काय होणार? पहिला लॉग असता तर हे दुसऱ्याच खेपेला लक्षात आलं असतं.

तुमचं मशीन आयलॉमवालं आहे, म्हणजे ओरॅकलची देखरेख यंत्रणा असलेलं. तिथे तुम्ही क्लिअर केलेला इव्हेंट लॉग वेगळा आणि फॉल्ट मॅनेजरची (बिघाड ओळखणाऱ्या भागाची) नोंद वेगळी, म्हणून दिवा गेला नाही. फॉल्ट मॅनेजमेंट शेलमध्ये (आयलॉममधल्या कमांड लाइनवर) जाऊन आधी 'एफएमडंप' कमांडने दिसणारा फॉल्टचा इतिहास कॉपी करून ठेवा, लॉग गेला असला तरी तो तिथे सापडेल. मग 'एफएमएडीएम फॉल्टी' मारून कुठला पार्ट धरलाय ते बघा, आणि तोच बदलला असेल तर 'एफएमएडीएम रिपेअर' देऊन पुढे यूयूआयडी (त्या फॉल्टचा ओळख क्रमांक) टाका. पार्ट मुळात निर्दोष होता असं ठरलं तर 'अक्विट'. बदललाच नसताना दिवा घालवायला 'रिपेअर' मारणं ही शुद्ध लबाडी आहे.

काही मॉडेल्सवर नवा सिरियल नंबर दिसला की फॉल्ट आपोआप जातो, हे सांगायचं राहिलं. तसं झालं तरी जुन्या डिमचा सिरियल नंबर आणि स्लॉट तिकिटात लिहिल्याशिवाय ती परत पाठवू नका, लीड कितीही घाई करोत.