‘बघू की’ म्हणाला, म्हणून?

पोरी,

काल आलीस आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून गेलीस. विजापूर रोडवरच्या त्या गार्डन हॉटेलच्या मॅनेजरनं, पोरांना फेऱ्या मारायला ठेवलेला उंट बंद करा, हे तुझं सगळं ऐकून घेतलं, ‘बघू की मॅडम’ म्हणाला, आणि तू ते नकारात जमा केलंस. आता विचारतेस, व्हिडिओ टाकू का?

अगं, आपल्या सोलापुरात ‘बघू की’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. ‘परत या’ असा त्याचा अर्थ. तू गेलीस किती वेळा? एकदा.

तुझा फोटो रात्री मोठा करून बघितला. नाकातल्या दोरीपाशी माशा, गुडघ्याचं कातडं सोलून गुलाबी झालेलं. दर फेरीला बसायचं, उठायचं, तेही फरशीवर. मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना. पण हे मला पटवू नकोस, मला पटलेलंच आहे. उंटवाल्याशी बोली किती महिन्यांची, रविवारी फेऱ्यांचे किती सुटतात, ते सांग. नाही ना ठाऊक? पहिल्या भेटीत ते कुणी सांगतच नाही. म्हणून परत जा.

माझंच बघ. मी विज्ञान शिकवायचो आणि आमच्या शाळेत नागपंचमीला गारुडी यायचा. पोरांकडून रुपया-रुपया मीच गोळा करायचो. साप दूध पीत नाही, हे वर्गात फळ्यावर लिहायचो; पटांगणात, पाण्यावाचून ठेवलेल्या, दात उपटलेल्या नागापुढं वाटी सरकवली जाताना गप्प उभा राहायचो. शेवटी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हणाले, बघू. मी फुगलो. चार नागपंचम्या फुगून बसलो. पाचव्या वर्षी गेलो, तर त्यांना माझी पहिली भेट आठवतसुद्धा नव्हती! ‘मग पोरांना दुसरं काय दाखवायचं?’ एवढंच विचारलं. सर्पमित्राला बोलावलं, चित्रं लावली, मिटलं. ते मधले चार नाग माझ्या नावावर आहेत.

कायदा खिशात असू दे. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेनं बंद आहेत. नागाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. असं काही दिसलं तर सरळ वनखात्याला फोन लाव, तिथं कसली दुसरी भेट! उंट-घोड्यांसाठी मात्र १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, आणि त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात त्या मॅनेजरकडे मसाला डोसाही येत नसेल. तो घाबरेल कशाला?

त्यापेक्षा आपल्या गड्ड्याच्या जत्रेचं सांग त्याला. तिथं पोरं पाळण्यापुढं तास-तास उभी राहतात की नाही? त्यांना बसून फिरायचं असतं, उंटाचं काय पडलंय?

एका मंगल कार्यालयाच्या मालकाकडे मी नऊ वेळा गेलोय. वरातीची घोडी बंद झालेली नाही. घरात हसतात मला. हसू देत. पहिल्यांदा तो दारातच बोलला होता. आता खुर्ची देतो, आणि फटाके लावायच्या आधी घोडी लांब न्यायला सांगतो. थोडं आहे, मान्य. पण व्हिडिओ टाकणाऱ्यांना तो फाटकाच्या आत तरी घेतो का? माझं चुकत असेल तर तोंडावर सांग. चुकत नाहीये, ते सोड.

मंगळवारी दुपारी तीनला जा. रविवारी तुझा मॅनेजर गल्ल्यावर असतो, मान वर करणार नाही. लाकडी झोके आणि छोट्या पाळण्याचा खर्च एका कागदावर लिहून ने. आणि त्यानं चहा मागवला तर पूर्ण पी.