लिलावात घेतलेलं वावर नेमकं कुठंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बरेच प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत. थकबाकीपायी लिलावात निघालेली मोकळी जमीन घेतली, कागद हातात आले, आता जागेवर ती ओळखायची कशी? म्हणून सगळे एकत्रच घेतोय.

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): सर, महसुलाच्या थकबाकीपायी तहसीलनं लिलावात काढलेली 1 हेक्टर 20 आर जमीन मी घेतली. विक्री कायम झाली, फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव पण लागलं. जागेवर गेलो तर चहूकडं सारखंच पडीक, बाभळी न् रायमुनिया. मोबाईलवरचा ठिपका एकीकडं दाखवते, शेजारचा माणूस दुसरीकडं. कोणाचं खरं धरू?

उत्तर: भाऊ, सध्या दोघांचंही नका धरू. खुल्या आभाळाखाली चांगला फोनसुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं होते, झाडाखाली त्याहून जास्त. तुमचा एक धुरा, म्हणजे बांध, 150 मीटर लांब आहे असं समजा आणि तो 5 मीटर सरकला, तर 750 चौरस मीटर म्हणजे साडेसात आर जमीन इकडची तिकडं झाली. एवढ्यावर माणसं कोर्टात जातात, म्हणून मोबाईल फक्त वावराच्या जवळ पोचायला वापरा, तार कुंपण ठोकायला बिलकुल नाही.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. महाभूनकाशाच्या सरकारी साईटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून आपला गट नंबर टाका, त्याचा नकाशा निघते आणि त्यात शेजारच्या गटांचे नंबर पण दिसतात. हे शेजारचे नंबर लिहून घ्या आणि त्या प्रत्येकाचा सातबारा महाभूलेखवर काढून बघा, म्हणजे लगतचे खातेदार कोण ते नावानिशी कळलं. लोक हीच गोष्ट करत नाहीत, आपलाच सातबारा घेऊन गावभर फिरतात. गावात गट नंबर कोणाला पाठ नसते हो, तिथं वावराला नाव असते, नाल्याकडचं, महादेवाकडचं, आणि माणसं वावर ओळखतात ते कसणाऱ्याच्या नावानं. लगतच्या चार जणांची नावं विचारली की कोणीतरी तुम्हाला थेट त्या धुऱ्यावर नेऊन उभं करते. पटवारी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि कोतवालाला सोबत घेता आलं तर उत्तमच.

एक विनंती मात्र मनापासून करतो. ज्याची जमीन थकबाकीत गेली तो माणूस बहुतेक त्याच गावात राहते. वावर दाखवायला त्यालाच चारचौघांत बोलावू नका. त्याच्या बापजाद्याची जमीन आहे ती, त्यावर काय वेळ आली हे तुम्हाला माहीत नाही. भेटायचंच असेल तर एकटे जा, त्याच्या घरी जा, बसून बोला. विहीर कधीची, पाणी कुठून वाहते, धुऱ्यावरचं कोणतं झाड कोणाचं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसते.

धुऱ्यावर पोचलात की नकाशातल्या न हलणाऱ्या गोष्टी शोधा. नाल्याचं वळण, जुनी विहीर, पांधण (वावरात जायची जुनी वाट), गावाची शीव, आणि दोन-तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या आणि त्यावर लिहिलेलं प्रमाण आधी वाचा. 1:4000 असेल तर नकाशावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जागेवर 4 मीटर. पट्टी ठेवून बघा, समजा एक बाजू 2 सेंटिमीटर भरली तर जागेवर 80 मीटर. मग 1.20 हेक्टर म्हणजे 12,000 चौरस मीटर, आणि वावर साधारण चौकोनी असेल तर दुसरी बाजू 150 च्या आसपास भरायला पाहिजे. टेप लावून ढोबळ मोजा. जागेवर दुसरी बाजू 110 च भरत असेल तर एकतर तुम्ही भलत्याच वावरात उभे आहात, नाहीतर कोणीतरी आत सरकलंय.

मग कोपऱ्याचे दगड. हद्दीचा दगड रानातल्या गोट्यासारखा आडवा पडलेला नसते, घडवलेला असते आणि उभा गाडलेला. काळ्या जमिनीत तो वर्षानुवर्षं खाली दबते, वर माती चढते, बोरीचं झुडूप उगवते. लोखंडी सळई घेऊन कोपऱ्याच्या अंदाजे जागी टोचत जा, टण्ण वाजलं की हातानं माती बाजूला करा. पण तो दगड हलवू नका, उपटून नीट बसवतो असं तर अजिबात नको, हद्दीच्या खुणेला हात लावणं गुन्हा आहे. फोटो काढा, चुन्यानं खूण करा, बस.

हे सगळं करायला फेब्रुवारी ते मे चांगला. तूर निघालेली असते, पऱ्हाटी उपटलेली असते, धुरे उघडे दिसतात. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय उचलत नाही, मे महिन्यात जायचं असेल तर पहाटे निघा आणि 10 वाजेच्या आत सावलीत या.

एवढं झालं तरी हद्द ठरली असं नाही. हद्द ठरवते ती सरकारी मोजणीच. भूमी अभिलेखच्या ई-मोजणी साईटवर अर्ज करा, हद्दकायम मोजणी (हद्दी ठरवून द्यायची मोजणी) मागा, नियमित किंवा द्रुतगती जी परवडते ती. भूमी अभिलेखकडून लगतधारकांना नोटिसा जातात, त्या खरंच पोचल्या का हे स्वतः बघा, कारण नोटीस न मिळालेला शेजारी पुढं वाद काढते. मोजणीच्या दिवशी मजूर, दगड किंवा खांब, चुना, खुंट्या ही सोय तुमची. भूकरमापक रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजायचं यंत्र) लावून खुणा दाखवतील तिथं त्याच वेळी, सगळ्यांसमोर दगड गाडा, उद्यावर नका ढकलू. मग मोजणीच्या नकाशाची क प्रत मिळते, तीच तुमची खरी शिदोरी. त्यात अतिक्रमण दिसलं तरी मोजणीवाले ते काढून देत नाहीत, त्यांचं काम दाखवण्यापुरतं. तुम्ही लिलावातले खरेदीदार आहात, तेव्हा तहसीलदारांकडे ताबा मागा आणि ताबा देतानाचा पंचनामा लिहून घ्या. मोजणीच मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागता येते, तुम्हालाही आणि शेजाऱ्यालाही.

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): माझ्या सातबाऱ्यावर गट 47/2 आहे, नकाशात मात्र नुसता 47 दिसतो. वावर अख्खं एकच पडीक पडलंय. माझा हिस्सा कुठला?

उत्तर: याचा अर्थ बहुतेक सातबारा फुटला पण नकाशा फुटला नाही. भावाभावांत वाटणी झाली, फेरफार लागला, नंबर वेगळे झाले आणि मोजणी कोणी केलीच नाही, वहिवाटीवर चाललं. आपल्याकडं असे गट पुष्कळ आहेत. आधी भूमी अभिलेखमध्ये त्या गटाचा फाळणी नकाशा (हिस्से पाडून दाखवलेला नकाशा) आहे का विचारा. असला तर 2 नंबरचा हिस्सा कोणत्या बाजूला ते त्यात सापडतेच. नसला तर जुने फेरफार काढा, वाटणीच्या नोंदीत कधीकधी पूर्वेकडचा, नाल्याकडचा असं लिहिलेलं असते. तेही नसेल तर कागदावर तुमचं क्षेत्र आहे पण जागा ठरलेली नाही, हे पक्कं समजून घ्या. मग बाकी हिस्सेदारांच्या संमतीनं पोटहिस्सा मोजणी, आणि ते ऐकत नसतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. सडकेकडचा चांगला तुकडा बघून तिथंच ट्रॅक्टर घालायचा मोह होते, तो आवरा.

प्रश्न (सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर): लिलावात घेतलेली जागा झुडपांनी भरलीय. वनरक्षक म्हणतात हे झुडपी जंगल आहे. मग मी घेतलं काय?

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोंधळ करू नका. झुडपं उगवली म्हणून खाजगी सातबाऱ्याची जमीन झुडपी जंगल होत नाही, तशी नोंद लागते. आणि नोंद असली तर मात्र विषय गंभीर आहे, कारण सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच धरलीय, आणि त्यात तुमचा चंद्रपूर जिल्हा येतेच, सोबत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, गडचिरोली. तेव्हा तुमचा गट आणि लगतचे गट, सगळ्यांचे जुने अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीवरच्या हक्कांची नोंद) काढून बघा. बहुतेक वेळा असं निघते की आपली जमीन खाजगीच आहे पण शेजारचा गट झुडपीचा आहे, आणि मधला धुरा कोणालाच दिसत नाही. तसं असेल तर मोजणीत वनविभागालाही लगतधारक म्हणून नोटीस जाऊ द्या, आणि क प्रत हातात येईपर्यंत एक फांदीसुद्धा तोडू नका. आणखी एक, तुमच्या भागात वाघ आहे. एकटं जाऊ नका, सकाळी लवकर न् सांजच्याला तर नाहीच, दिवसा गावातली दोन-चार माणसं घेऊन बोलत बोलत जा.

प्रश्न (मोर्शी तालुका, जि. अमरावती): जमीन सापडली, पण चारही बाजूला संत्र्याच्या बागा, जायला रस्ताच नाही.

उत्तर: पूर्वी वहिवाटीचा रस्ता होता आणि कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज. रस्ता नव्हताच तर महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून रस्ता मागा. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच. विदर्भात गावोगावी वाजिब-उल-अर्ज नावाचं जुनं दप्तर असते, त्यात जाण्यायेण्याच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात, ते आधी बघा. आणि अर्जाआधी बागवाल्याशी एकदा बोलून घ्या, गाडीपुरती वाट पुष्कळदा बोलण्यात सुटते.

प्रश्न (मेहकर तालुका, जि. बुलढाणा): दादा, मी अजून बोली लावली नाही, नोटीस फक्त वाचलीय. आधी काय बघू?

उत्तर: ताई, मोजणी आणि ताबा सोडला तर वर जे जे सांगितलं ते बोलीच्या आधी करता येते, आणि तेव्हाच करायला पाहिजे. जाहीरनाम्यातला गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबारा-नकाशाशी जुळवा, जागेवर जा, लगतच्या लोकांना भेटा, आत कोण पेरते ते विचारा. पोटखराबा, म्हणजे पेरता न येणारा भाग, किती ते बघा, म्हणजे 1 हेक्टरपैकी 40 आर नाल्यातच गेलेली नाही ना हे कळेल. वर्ग 2 ची जमीन (विकायला सरकारच्या अटी असलेली) असेल तर अटी वाचा. मूळ खातेदार आदिवासी आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ ची परवानगी लागते, अधिकाऱ्याच्या आदेशानं झालेली विक्रीसुद्धा त्यातून सुटत नाही. शेतजमीन असल्यामुळे 1958 च्या विदर्भाच्या कूळ कायद्याप्रमाणं तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा पण तयार ठेवा.

बोली सुटली की रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे 25 टक्के, जागच्या जागीच भरावा लागते, तेव्हा पैशाची सोय करूनच जा. त्यानंतरचे 30 दिवस थांबायचे, कारण तेवढ्यात मूळ मालक थकबाकी आणि त्यावरची ठरलेली रक्कम भरून विक्री रद्द करून घेऊ शकते. ज्याची जमीन त्याला परत मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका, पैसे परत मिळतात. विक्री कायम झाल्याचा आदेश निघेपर्यंत वावरात नांगर, कुंपण, बोअर काही करू नका. आदेश झाला की प्रमाणपत्र, फेरफार आणि मोजणीचा अर्ज, हे तिन्ही लगोलग करा, मोजणीला नंबर लागते आणि पेरणी आली की तारीख पुढं जाते.