घर विका, पण सगळा पैसा परत घरातच घालू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही 67, मिसेस 62, मुलं लांब, दुमजली घर, बेडरूम वरच्या मजल्यावर, गुडघे कुरकुरायला लागलेत, म्हणून घर विकून आलेल्या पैशातले जवळजवळ 85 टक्के घालून सिनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत, फ्लॅट घ्यायचा विचार आहे. मुलगा म्हणतोय एवढ्यात कशाला, गरज पडली की बघू.

मुलाचं मला पटत नाही, आणि तुमचं अर्धंच पटतंय.

"गरज पडली की बघू" याचा अर्थ असा होतो की कोणीतरी पडतं, खुब्याचं हाड मोडतं, डिस्चार्जची तारीख डोक्यावर येते आणि मग घाईघाईत मिळेल त्या भावात घर विकायचं आणि मिळेल त्या जागी जायचं. नवीन जागी ओळखी व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अंगात जोर आहे तोवर गेलेलं बरं. इथपर्यंत तुम्ही बरोबर आहात.

पण 85 टक्के? नको, प्लीज नको. तुमच्या हिशोबात केअरटेकरचा खर्च कुठेच दिसला नाही, म्हणजे तुम्हाला काही झालं तर मिसेस बघतील असं तुम्ही धरून चाललाय. ठीक, पण त्या 80 च्या होतील तेव्हा त्यांना कोण बघणार? हेल्थ इन्शुरन्स हॉस्पिटलचं बिल देतो, रोज अंघोळ घालायला, कपडे चढवायला, बेडवरून खुर्चीत बसवायला माणूस लागला तर त्याचे पैसे सहसा देत नाही. आठवड्यात तास 168, एक माणूस 48 तास काम करतो म्हटलं तरी चोवीस तास सोबतीला साडेतीन माणसं लागतात, एक नाही! आणि हा खर्च पगारांबरोबर वाढतो. वर्षाला 8 टक्के वाढ धरा. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे काढायला ढोबळमानानं 72 ला वाढीच्या टक्क्यानी भागतात, 72 भागिले 8, म्हणजे 9 वर्षांत दुप्पट. मिसेसना 80 व्हायला 18 वर्षं आहेत, म्हणजे आजचा खर्च तेव्हा चौपट. फ्लॅटची एक खोली विकून तो भागवता येत नाही ना.

म्हणून मी काय करीन, तर तिथे आधी सहा महिने ते वर्षभर भाड्यानी राहीन, जुनं घर तोवर विकणार नाही. पटलं तर लहान फ्लॅट घ्या, विक्रीच्या पैशातले निम्म्याहून जास्त तरी हातात राहू द्या, आणि त्यातून आजच्या दरानी एका माणसाच्या तीन वर्षांच्या पूर्णवेळ देखभालीएवढी रक्कम मिसेसच्या नावानी वेगळी काढा. ती अजून बरीच वर्षं लागणार नाही म्हणून तिचा काही भाग इक्विटीत, म्हणजे शेअर्समध्ये, चालेल, पण पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारा घरखर्च मार्केटमध्ये अजिबात ठेवू नका, पडलेल्या भावात विकायची वेळ येते.

तिथल्या करारात बघा की अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथेच राहू देतात की बाहेर जायला सांगतात, मेंटेनन्स किती वाढू शकतो, सोडून गेलात तर किती परत आणि कधी, एकटं माणूस उरलं तर काय. आणि जाताना टेप घेऊन जा, बाथरूमचं दार मोजा, व्हीलचेअरसाठी 80 सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी, ब्रोशरमध्ये हे कोणी लिहीत नाही.

अजून एक, मृत्युपत्र केलंय म्हणालात, छान, पण ते तुम्ही गेल्यावर लागू होतं. स्मृतिभ्रंश झाला तर बँकेत सही कोण करणार? साधं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, बऱ्याच ठिकाणी नेमकं अशाच वेळी चालत नाही, त्यामुळे तुमच्याकडे कायद्यानी काय चालतं ते वकिलाला विचारून घ्या, आणि हे घराचा व्यवहार करायच्या आधी करा, नंतर नको.