माझ्या मुलीच्या लंडनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये उंदीर झाले आहेत, काय करावे?

सांगलीहून नुकत्याच लंडनला गेलेल्या आपल्या मुलीने प्रथम घरमालकाला छायाचित्रांसह लेखी कळवावे. लहान उंदराला जेमतेम ६ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. म्हणून सिंकखाली आणि हीटरचे पाइप जमिनीतून वर येतात तिथल्या फटी स्टील वूलने, म्हणजे बारीक पोलादी तारांच्या गुंत्याने, गच्च भरून वरून सीलंट लावणे, हाच माझ्या मते खरा उपाय आहे. आपण प्रेमाने दिलेले भडंग, शेंगदाणे आणि गूळ पिशव्यांत न ठेवता घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरावेत. सापळे भिंतीलगत लावावेत. आमिषाला चीजपेक्षा पीनट बटर चांगले, कारण ते चिकटून राहते. विष टाळावे, कारण उंदीर भिंतीच्या पोकळीत मेल्यास दुर्गंधी लवकर जात नाही. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून मगच पुसाव्यात.